फोडणीचे कपडे

जानेवारी लागला की आमच्या घरातलं मोठं घमेलं जागेवर नसतं. मी मोरीत बघते, मागच्या अंगणात बघते आणि शेवटी गुडघ्यांना शिव्या देत गच्चीवर चढते. तिथे टाकीच्या आडोशाला, तीन विटांच्या चुलीवर ते चढलेलं असतं. आत काहीतरी रटरटत असतं आणि माझी सून लोकेश्वरी मोडक्या लाटण्याने ते ढवळत उभी असते. पहिल्या वर्षी शेजारच्या मानकर वहिनींनी भिंतीवरून मान उंच करून विचारलं होतं, "काय शिजवून राहिल्या वं सासू-सुना?" मी म्हटलं, "कुर्ता." त्यांना वाटलं मी चिडून बोलले. पण घमेल्यात खरोखर कुर्ताच होता.

आज सकाळीही घमेलं वर गेलं आहे. यंदा माझ्या मुलाची, निखिलची, विटलेली सुती पँट आहे म्हणे. मी खाली ओट्याशी तीळ भाजते आहे आणि वरून गरम मिठाच्या पाण्याचा, भिजलेल्या सुताचा वास जिन्यातून उतरतो आहे. तीळ आणि रंग यांचा हा मिसळलेला वास म्हणजे माझी आताची संक्रांत. माहेरी अकोल्याला ती नुसत्या तिळाची होती. तीस वर्षांपूर्वी रेल्वेतल्या नवऱ्यामागे रायपूरला आले, तेव्हाही तिळाचीच राहिली. रंगाचा वास तिच्यात शिरला तो चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून तीळ तडतडायला लागले की मला त्या एका हिवाळ्याची आठवण येते आणि मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडावेसे वाटतात.

रायपूरची थंडी फार नाही, पण वारा लबाड आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वाहायला लागला की दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर बारीक काळी भुकटी बसते. झटकली तर पसरते, चोळली तर मुरते. इथे नवीन आलेली बाई पहिल्या हिवाळ्यात चिडते आणि दुसऱ्या हिवाळ्यात पांढरं घेणं सोडून देते. मीही सोडलं होतं. लोकेश्वरीने आल्या आल्या माझी टाकून दिलेली एक पांढरी ओढणी उचलली. जिथे काळा ठिपका ठाण मांडून बसला होता तिथे तिने निळ्या दोऱ्याची एकेक इवली गाठ मारली. आठ दिवसांनी ओढणी परत माझ्या हातात. कुणाला कळलं नसतं की खाली डाग आहेत. वाटायचं, कुणीतरी बसून नक्षी काढली आहे. ऑफिसात तिघींनी विचारलं, कुठून घेतली. मी सांगितलं, "सदर बाजारातून." सुनेने डाग झाकून दिले असं सांगायला तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

त्याचं कारण माझ्यातच होतं. आमचं लहानपण थोरल्याचं धाकट्याला आणि धाकट्याचं पोतेऱ्याला, असं गेलं. माझ्या शाळेच्या झग्याला आईने इतक्यांदा पट्टी जोडली होती की मूळ झगा कुठला आणि पट्टी कुठली, हे सांगता आलं नसतं. सरकारी नोकरी लागली त्या दिवशी मी ठरवलं, आता उसवलेलं शिवायचं नाही, विटलेलं घालायचं नाही. कपडा जुना झाला की देऊन टाकायचा. जुन्याचं नवं करणं हा शब्दसुद्धा मला गरिबीचा वाटायचा. आणि देवाने मला सून दिली ती नेमकी शिलाई मशीनच्या आवाजात वाढलेली.

लोकेश्वरी समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये समोरच्या टेबलावर बसते, पेशंटांची नावं लिहून घेते. निखिलचा दात दुखायला लागला आणि पुढचं सगळं झालं. माहेर तिचं छत्तीसगढी. तेव्हा ती मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. एके सकाळी मी म्हटलं, "शिळी पोळी उरली आहे, तिले फोडणी देऊ." ती थबकली. "मम्मी, आप लोग रोटी भी सिलते हैं?" तिच्या कानात शिरताना शिळीतला ळ घसरला, ती सिली झाली आणि पोळीला टाके पडले! आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. ह्यांनी पेपरामागून ते ऐकलं आणि त्या दिवसापासून सुनेच्या साऱ्या उद्योगाला नाव दिलं, फोडणीचे कपडे. शिळी पोळी कुस्करायची, फोडणी द्यायची, वरून कोथिंबीर. जुना कुर्ता उसवायचा, त्याला काठ लावायचा, वरून दोन मणी. नाव घरात चिकटलं ते चिकटलंच.

काय काय फोडणीला पडलं म्हणून सांगू! आठवडी बाजारातल्या स्वस्त प्लास्टिकच्या बांगड्यांना तिने रेशमी दोरा इतका दाट गुंडाळला की खालचं प्लास्टिक दिसेना. काळवंडलेल्या झुमक्यांच्या वाट्यांवर नेलपॉलिशचे ठिपके आले. माझ्या फाटक्या पैठणीचा म्हणून जपून ठेवलेला वीतभर काठ तिच्या साध्या चपलेच्या पट्ट्यांवर जाऊन बसला. तेव्हा मात्र मी दोन दिवस बोलले नाही. ह्यांच्या स्वेटरची कोपरं विरली होती, तिथे तिने जुन्या कॉर्डुरॉय पँटचे दोन लंबगोल तुकडे शिवले. हे आरशापुढे उभे राहून कोपर वळवून वळवून बघत होते. "अवं, मी तं प्रोफेसर दिसून राहिलो," म्हणाले. रिटायर होईस्तोवर ज्या माणसाने कपड्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तो दुसऱ्या दिवशी उन्हातही स्वेटर घालून भाजी आणायला गेला.

मग ती कपाटातल्या ब्लाउजपिसांवर आली. मराठी बायकांना हे वेगळं सांगायला नको. ओटीत येणारे ते ब्लाउजपीस शिवण्यासाठी नसतातच, ते फिरण्यासाठी असतात. माझ्याकडून मानकर वहिनींकडे, वहिनींकडून भिलाईच्या त्यांच्या नणंदेकडे, आणि दोन वर्षांनी घडीही न मोडता पुन्हा माझ्याकडे. लोकेश्वरीने तो ढीग बघितला आणि तिचे डोळे विस्फारले. "इतना कपड़ा! और कोई सिलता नहीं?" मी म्हटलं, "राहू दे, हळदीकुंकवाले लुटायला लागतील." तर ती घाबरून म्हणाली, "किसको लूटना है?" संक्रांतीचं वाण आपण लुटतो, म्हणजे वाटतो, हे समजावताना माझी हिंदी पार थकली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या पिसांचे नाडीचे बटवे शिवायला घेतले. वाण म्हणून तेच द्यायचे ठरले. हळदीकुंकवाच्या दिवशी मानकर वहिनींना त्यांचाच पोपटी ब्लाउजपीस बटवा होऊन परत गेला, आणि त्यांनी तो ओळखलाही, पण तो किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगतात.

हे सगळं मी आज कौतुकाने लिहिते आहे. त्या हिवाळ्यात मी कौतुक कमी आणि कुरकुर जास्त करत होते. नव्या सुनेच्या अंगावर जुने कपडे बघून लोक म्हणतील काय, सासू कपडे घेऊन देत नाही? आणि या कुरकुरीच्या तळाशी एक वेगळीच सल होती. लोकेश्वरीची आई, आमची विहीण, लग्नाला दोन महिने झाले तरी आमच्या घरी एकदाही आली नव्हती.

इथे विहिणीला समधीन म्हणतात. मीही तसंच म्हणते. समधीन एका जुन्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन खोल्यांत राहते, खिडकीशी मशीन, दारात गिऱ्हाईक बायकांच्या चपला. नवरा गेल्यावर त्या मशीनवर तिने पोरगी वाढवली, शिकवली. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मला फार मोठेपणा करावासा वाटला. आपल्याकडे मुलाकडच्यांनी म्हणायचं सर्वांत दिलदार वाक्य कोणतं? मुलगी नेसत्या वस्त्रानिशी द्या, दुसरं काही नको. मी ते हिंदीत सांगितलं. "आप कुछ मत दीजिए. लड़की जो पहने है, उसी में दे दीजिए. कपड़े-वपड़े सब हम कर लेंगे." बोलून झाल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं, की कशी बोलले! समधीन "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि मशीनवरचं कापड सारखं करत बसली.

पुष्कळ दिवसांनी मला कळलं की त्याच खोलीत, खाटेखाली, एक पत्र्याची पेटी होती. पोरगी नोकरीला लागल्यापासून तिच्या लग्नासाठी समधीन एकेक ड्रेस शिवून त्या पेटीत ठेवत होती. मी "कपड़े-वपड़े" म्हटल्यावर ती पेटी बाहेर आलीच नाही. लोकेश्वरी एका बॅगेनिशी आमच्याकडे आली. शिंपिणीला मी सांगितलं होतं की तुझे कपडे आम्हाला नकोत, आणि वर त्यालाच दिलदारी समजत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

अशात पहिली संक्रांत आली. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळं नेसवायचं, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे, बायका बोलवायच्या. आमच्याकडे याच्याइतकी हौस दुसऱ्या कशाची नाही. मी सदर बाजारात गेले. स्कूटींच्या गर्दीतून कशीबशी एका दुकानाच्या गादीवर जाऊन बसले आणि म्हटलं, नव्या सुनेसाठी काळी साडी दाखवा. दुकानदाराने हातातलं माप खाली ठेवलं. "दीदी, नई बहू है, त्योहार है, और काला? मरून ले जाइए, शुभ रहेगा." काळ्यात होत्या त्या सगळ्या टिकल्यांच्या, पार्टीच्या. चार दुकानं फिरून मी रिकाम्या हाताने परत आले. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की आपल्याला जी हौस वाटते ती इथे अपशकुन वाटते. पडला नाही.

तो पडला लोकेश्वरीच्या फोनवर. ती गच्चीवर बोलत होती, मी पापड काढायला गेले होते. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "नवा बहू ला करिया? तिहार के दिन? मैं नइ आवँव, नोनी." करिया म्हणजे काळं. नोनी म्हणजे पोरी. मी येणार नाही, पोरी. लोकेश्वरी म्हणत होती, "दाई, इंकर घर मा अइसनेच होथे." आई, यांच्या घरी असंच असतं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि दोरीवरच्या ओल्या टॉवेलचं टोक पिळत राहिली. मी म्हटलं, "राहू दे बाई, काळं नाही घातलं तं काही आभाळ कोसळत नाही." ती म्हणाली, "नहीं मम्मी, पहनूँगी. आपका भी तो पहली बार है." माझं पहिल्यांदा काय, हे मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. सासू मीही पहिल्यांदाच होत होते. माझ्या हौसेसाठी ती आईला मुकायला तयार होती आणि आईने यावं म्हणून तिचा जीव तीळतीळ तुटत होता. मध्ये ती एकटी.

मग तिने तोडगा काढला. बॅगेतून आणलेला एक फिका गुलाबी, सुती, घोळदार लांब कुर्ता तिने माझ्यापुढे ठेवला. समधीनने तिला नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी शिवलेला. सोळा कळ्यांचा घेर. खाली काठाशी क्लिनिकमधल्या जांभळ्या औषधाचा तळहाताएवढा डाग. "इसको काला करते हैं. आपका काला भी हो जाएगा, दाई का कपड़ा भी." मी कुरकुरले. पहिल्या संक्रांतीला साडी नाही, ड्रेस, आणि तोही जुना, आणि तोही डागाळलेला! पण तिच्या डोळ्यांकडे बघून "बरं" म्हटलं. सदर बाजारातून काळ्या रंगाच्या पुड्या मात्र मीच आणल्या. पुडीवाल्याने एवढंच विचारलं, "सूती है न? सूती ही पकड़ेगा."

शनिवारी दुपारी घमेलं चुलीवर चढलं. पाण्याला आधण आलं, रंग पडला, मूठभर मीठ पडलं. लोकेश्वरी लाटण्याने ढवळत होती, मी पदर नाकाला लावून सूचना देत होते, ज्यांची तिला काही गरज नव्हती. कुर्ता आत गेला तेव्हा फुग्यासारखा वर आला, मग हळूहळू बसला. ह्यांनी जिन्यातून डोकावून विचारलं, "काहून एवढा खटाटोप? दोन दिवस दोरीवर राहू द्या, सिलतरा फुकटात काळं करून देते." अंधार पडेस्तोवर आम्ही तो पाण्यातून काढला, पाणी साफ येईपर्यंत खंगाळला आणि पत्र्याखाली सावलीत वाळत टाकला. त्या अंधुक उजेडात तो काळाकुट्ट दिसला. मी खाली येऊन समाधानाने झोपले.

रविवारी दुपारी ती कुर्ता इस्त्रीला घेऊन खाली आली आणि तिने तो पलंगावर पसरला. आम्ही दोघी बघत राहिलो. कापड झकास काळं झालं होतं, औषधाचा डाग कुठे गेला ते शोधून सापडत नव्हतं. पण शिवणी? शिवणी सगळ्या गुलाबी. समधीनला एक सवय आहे. कपडा उसवू नये म्हणून ती प्रत्येक जोडावर वरून आणखी एक टीप मारते. तीही गुलाबीच राहिली होती. सोळा कळ्यांच्या सोळा गुलाबी रेघा कमरेपासून काठापर्यंत, गळ्याभोवती गुलाबी, बाह्यांना गुलाबी, खिशाच्या तोंडाला तर गुलाबीच्या तीन ओळी. "धागा पॉलिस्टर का है," लोकेश्वरी हळूच म्हणाली, "रंग नहीं पकड़ता." रंग फक्त सुती पकडणार, हे पुडीवाल्याने सांगितलं होतं, दोरा सुती नसतो, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

लोकेश्वरीने एका रेघेवरून बोट फिरवलं. पाच वाजता कॉलनीतल्या, ऑफिसातल्या पंधरा-वीस बायका येणार. त्यांना दिसणार जुना कुर्ता काळ्या पाण्यात बुचकळून काढलेला, आणि तोही फसलेला. मी सरळ माझी ऑफिसची पर्स उघडली. फायलींवर नंबर टाकायचा जाड काळा मार्कर काढला. "घाल तू. मी रंगवून टाकते." तिने घातला. बाकीचं सगळं तयार होतं. हलवा इथे चांगला मिळत नाही म्हणून तिने प्रसादाचे इलायचीदाणे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून हार, बाजूबंद, मुकुट बनवला होता आणि मुंग्यांपासून वाचवायला तो परातीतल्या पाण्याच्या मधोमध पाटावर ठेवला होता. मुकुट डोक्यावर चढवून ती उभी राहिली, मी तिच्या पायांशी जमिनीवर बसले आणि एकेक गुलाबी टीप काळ्याने भरायला लागले. ती पोरगी हलली नाही. नवी होती, काय बोलणार! एक कळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी भरून झाली तेव्हा दारातून आवाज आला.

"काबर मिटावत हव, समधीन?"

का पुसताय? मी मान वर केली. दारात लोकेश्वरीची आई उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात अजून चपला. आत यायचं की नाही हे न ठरवता आलेली बाई जशी उंबऱ्याबाहेर उभी राहते, तशी. मी जमिनीवर, हातात मार्कर, बोटं काळी. समधीनने चपला काढल्या, आत आली आणि माझ्या शेजारी खाली उकिडवी बसली. कुर्त्याचा काठ तिने हातात घेतला. एक शिवण बघितली, दुसरी बघितली. घेर फिरवत फिरवत ती सगळ्या बाजूंनी गेली. खिशापाशी आली, तिथल्या तीन ओळींवर अंगठा ठेवला. "ये मोर हाथ के आय," म्हणाली. हे माझ्या हातचं आहे. मग पोरीकडे वर बघून तिने विचारलं, "पूरा करिया कहाँ हे?"

पूर्ण काळं कुठे आहे! तिच्या पाऱ्यात काळं घालत नाहीत आणि आमच्यात घालतात. पूर्ण काळं नाही म्हणजे अपशकुनही नाही, समधीनने शोधलेली ही वाट दोन्हीकडून बरोबर होती आणि ती तिच्याच दोऱ्याने शिवलेली होती. लोकेश्वरी खाली बसून आईच्या गळ्यात पडली, मुकुटाचे इलायचीदाणे टपटप फरशीवर सांडले, आणि मी, ऑफिसात जिला सगळे दबकून असतात ती मी, काळ्या बोटांनी डोळे पुसून तोंड बरबटून घेतलं.

पाच वाजता बायका आल्या. काळ्यावरच्या गुलाबी रेघा बघून त्यांना वाटलं, ही नवी फॅशन. "कुठून घेतला हो? नागपूरहून?" मानकर वहिनींनी विचारलं. माझ्या जिभेवर पुन्हा सदर बाजार आला होता. मी तो गिळला. "नाही," म्हटलं, "ह्या आमच्या समधीन. कपडा यांच्या हातचा, रंग आमच्या घमेल्यातला." बायकांनी तिच्याभोवती गराडा घातला. कुणी माप विचारलं, कुणी घेर धरून बघितला. समधीन आधी अवघडली, मग हळूहळू खुलली आणि सोळा कळ्या कशा कापायच्या ते हवेत हातवारे करून सांगायला लागली. मी तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, वाणाचा बटवा दिला. तिने तो उलटा करून आधी आतली शिवण तपासली आणि पोरीकडे बघून मान डोलावली.

सगळ्या गेल्यावर मी तिच्यासाठी चहा केला. मी म्हटलं, काळ्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, आमची रीत आहे, मला आधी विचारायला हवं होतं. तिने कपात बघत सांगितलं, "करिया त बहाना रिहिस, समधीन. मोला लागिस, मोर घर के कुछू नइ बाँचही." काळं हा बहाणा होता. मला वाटलं, माझ्या घरचं तिच्यात काही उरणार नाही. एवढंच म्हणाली. ना आवाज चढवला ना माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरला आणि मराठीतच म्हटलं, "चुकलं माझं. तुमच्या हातचं जे आहे ते सगळं पाठवा." तिला मराठी येत नाही. पण पुढच्या आठवड्यात पत्र्याची ती पेटी रिक्षातून आमच्या दारात उतरली.

पाटावर तीळ थंड व्हायला पसरले आहेत आणि मी हे लिहिते आहे. आयुष्यभर ज्या जुन्यापासून मी पळत होते, त्यानेच मला सून दिली आणि माझ्याच वयाची एक मैत्रीण दिली. त्या पोरीच्या हातातल्या सुईचे, समधीनच्या त्या वरच्या टिपेचे आणि रंग न घेणाऱ्या त्या हट्टी दोऱ्याचे उपकार मला फिटता फिटायचे नाहीत.

त्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता मी मोरीवर बसले होते. कुर्ता पुढ्यात घेतला, साबण घेतला आणि मार्करने भरलेल्या त्या चार शिवणी दातांच्या जुन्या ब्रशने घासायला लागले. दुपारपर्यंत घासत होते. दोन पुन्हा गुलाबी निघाल्या. दोन निघाल्या नाहीत, त्या आजही काळ्या आहेत. मी कितीदा म्हटलं, आण, तेवढ्या दोन उसवून गुलाबी दोऱ्याने पुन्हा मारून घेऊ. लोकेश्वरी हात लावू देत नाही. दर संक्रांतीला तो कुर्ता घालते, बायका रेघा बघायला जमल्या की घेर पसरते, आईच्या चौदा दाखवते आणि मग आता तिच्या तोंडी बसलेल्या मराठीत सांगते, "आणि ह्या दोन माझ्या सासूच्या."